थोडे हंगाम द्या

पालकहो,

बारावीचा निकाल लागला की माझा फोन जरा जास्तच वाजतो. पलीकडे बहुधा वडील असतात आणि शेजारी बसलेली आई हळू आवाजात पुढचा प्रश्न सुचवत असते. "मॅडम, मुलगी म्हणतेय पिकांच्या जनुकशास्त्रात जायचं. यात पुढं काय असतं?"

हा प्रश्न दोन प्रकारच्या घरांतून येतो. शेतकऱ्याच्या घरातून येतो तेव्हा त्यात थोडा राग असतो. आम्ही रानात राबलो ते पोरांनी यातून बाहेर पडावं म्हणून, आणि हा शिकूनसवरून परत रानातच चालला? शहरातल्या घरातून येतो तेव्हा त्यात हळहळ असते. नीट थोडक्यात हुकली, एक वर्ष परत देईल की, शेतकीला कशाला? दोन्ही घरांची काळजी खरी आहे. फक्त हे काम नक्की कसं असतं, हे दोन्हीकडे कुणी जवळून पाहिलेलं नसतं.

मला जे सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकते. हुशारी कमी पडली म्हणून या क्षेत्रातून बाहेर पडलेली मुलं मी फारशी पाहिली नाहीत. वेळ पुरला नाही म्हणून बाहेर पडलेली पुष्कळ पाहिली. आणि तो वेळ बऱ्याचदा घरानंच आखडता घेतलेला असतो.

आधी कामाबद्दल बोलू. तुमच्या ताटात मालदांडीची भाकरी असेल, तर ती ज्वारी एम ३५-१ या नावानं १९३० च्या दशकात मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवडून काढलेली आहे. आज इतक्या वर्षांनीही सोलापूर-मंगळवेढ्याचा रब्बीचा शेतकरी ती पेरतो. ज्यांनी ती निवडली त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, पण त्यांचं काम आपण रोज खातो. या व्यवसायाचा स्वभाव इथंच कळतो. नाव क्वचित होतं, काम मात्र दोन-तीन पिढ्यांना पुरतं.

दुसरं उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातलं. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पशिक्षित, अल्पभूधारक शेतकरी. १९८३ मध्ये आपल्या भाताच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. अशा कित्येक हंगामांनंतर त्यातून जो बारीक, चवदार तांदूळ निघाला तो मनगटी घड्याळाच्या नावावरून एचएमटी म्हणून बाजारात गेला. पीक पैदासकाराचं मूळ काम हेच आहे. हजार रोपांत वेगळं रोप ओळखायचं आणि ते खरंच वेगळं आहे का, हे हंगामामागून हंगाम तपासायचं. विद्यापीठात आम्ही शिकवतो ती या नजरेला लागणारी गणितं आणि अवजारं.

ती अवजारं गेल्या काही दशकांत फार बदलली. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं किरणोत्साराच्या साहाय्यानं भुईमुगात बदल घडवले आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर टीएजी-२४ हे वाण दिलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बांबूची ऊतिसंवर्धित रोपं बाटलीतच फुलली. एरवी बांबू फुलायला काही दशकं लागतात, म्हणून १९९० मध्ये 'नेचर'नं ते संशोधन छापलं. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेचे एमएसीएस नावाचे गहू आणि सोयाबीन आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीचे आहेत.

पण हे शास्त्र चालतं कसं, हे समजायला ओडिशाची एक गोष्ट पाहा. तिथल्या जुन्या देशी भातातून निवडलेलं एफआर-१३ए नावाचं वाण होतं. पुराच्या पाण्याखाली दोनेक आठवडे बुडून राहिलं तरी ते मरत नसे. उत्पन्न कमी, भात जाडाभरडा, म्हणून कुणी ते लावत नव्हतं. हा गुण भाताच्या नवव्या गुणसूत्रावर आहे, हे १९९० च्या दशकात नक्की झालं. त्यामागचं जनुक २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. मग स्वर्णा या लोकप्रिय भातात ते संकरानं आणलं. प्रत्येक पिढीत रोपाच्या पानाचा तुकडा घ्यायचा, त्यातला डीएनए तपासायचा आणि जनुक ज्या रोपात आलं असेल तेवढंच पुढं न्यायचं. स्वर्णा-सब१ हे वाण भारतात २००९ मध्ये आलं. जनुकाचा ठावठिकाणा लागल्यापासून शेतकऱ्याच्या हातात बियाणं पडेपर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ गेला, आणि आमच्या क्षेत्रात ही संथ गती समजत नाहीत.

तुमचं मूल या कामात आलं तर त्याचा दिवस तीन ठिकाणी विभागलेला असेल. सकाळी शेत. गव्हाच्या एकेका फुलात तीन परागकोष असतात. ते पिकायच्या आधी बारीक चिमट्यानं काढायचे, ओंबीला कागदी पिशवी बांधायची, दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचे पराग आणून टाकायचे, चिठ्ठी लावायची. उन्हात वाकून दिवसाला मोजक्याच ओंब्या होतात. दुपारी प्रयोगशाळा. पानं कुटून डीएनए काढायचा, पीसीआर लावायचा, हवी ती पट्टी दिसते का पाहायचं. संध्याकाळी संगणक. गव्हाचा जनुकसंच माणसाच्या सुमारे पाचपट मोठा आहे, त्यामुळं संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग आलं नाही तर आता भागत नाही. गणिताची भीती वाटते म्हणून जीवशास्त्राकडे वळलेल्या मुलाला ही गोष्ट प्रवेशाच्या आधी सांगितलेली बरी.

आता वेळेचा हिशेब. दोन वाणांचा संकर केल्यावर गुण स्थिर व्हायला साधारण सहा-सात पिढ्या लागतात. रब्बीच्या पिकाची शेतात वर्षाला एकच पिढी निघते. म्हणून गव्हाचे पैदासकार उन्हाळ्यात हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात किंवा निलगिरीतल्या वेलिंग्टनला पेरणी करून आणखी एक पिढी पदरात पाडून घेतात. दिवसाचे बावीस तास दिवे लावून वर्षाला गव्हाच्या सहा पिढ्यांपर्यंत काढायची पद्धतही आता आली आहे. एवढं करून वाण हाती आलं तरी ते देशभरातल्या केंद्रांवर काही वर्षं चाचण्यांत उतरावं लागतं. मग पैदासकार बियाणं, पायाभूत बियाणं, प्रमाणित बियाणं अशा पायऱ्या चढून ते दुकानात येतं. तुमच्या मुलीनं सव्विसाव्या वर्षी केलेला संकर शेतात दिसेल तेव्हा ती चाळिशीकडे झुकलेली असेल.

शिक्षणही असंच लांब आहे. पदवीची चार वर्षं, एम.एस्सी.ची दोन, पीएच.डी.ची साधारण चार-पाच. त्यानंतर बरेच जण देशात किंवा परदेशात पोस्टडॉक करतात. पीएच.डी. होईपर्यंत सत्तावीस-अठ्ठावीस वय होतं. आयटीत गेलेला मावसभाऊ तोवर फ्लॅटचे हप्ते भरत असतो आणि दिवाळीच्या फराळाला ही तुलना होणारच.

मात्र ही सगळी वर्षं घराच्या खर्चानं काढावी लागतात, असं नाही. सीएसआयआर-यूजीसी नेटमधून कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढं ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. भारतीय कृषी संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्याही शिष्यवृत्त्या आहेत. परिषदेत शास्त्रज्ञ म्हणून किंवा विद्यापीठात सहायक प्राध्यापक म्हणून लागल्यावर मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. श्रीमंती नाही, पण ओढाताणही नाही. खरी अडचण वेगळी आहे. सरकारी जागा दरवर्षी नियमानं निघत नाहीत. फेलोशिपचे पैसे कधीकधी महिनोन्‌महिने अडकतात. त्या मधल्या काळात घरानं हात दिला, तर मूल टिकतं.

प्रवेशाचे रस्ते थोडक्यात सांगते, कारण यातले नियम बदलतात आणि त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचायलाच हवं. बारावी विज्ञाननंतर एमएचटी-सीईटीतून राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या महाविद्यालयांत जाता येतं. शेतकरी कुटुंबातल्या मुलांना सातबाऱ्यावर जादा भारांक मिळतो, तेव्हा तलाठ्याकडची कागदपत्रं वेळेत काढून ठेवा. राज्याबाहेरच्या कृषी विद्यापीठांसाठी सीयूईटी आहे. पदव्या मुख्यतः दोन. बी.एस्सी. कृषीत मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, विस्तारकार्य अशी सगळी शेती शिकवतात आणि एम.एस्सी.ला अनुवंशशास्त्र व वनस्पती प्रजनन घेता येतं. बी.टेक. जैवतंत्रज्ञानात पहिल्यापासून प्रयोगशाळेवर भर असतो, लातूरला परभणी विद्यापीठाचं त्यासाठीच महाविद्यालय आहे. मूल अजून चाचपडत असेल तर माझा कल बी.एस्सी. कृषीकडे असतो. त्या पदवीवर कृषी अधिकारी, बँक, एमपीएससी हे दरवाजे उघडे राहतात.

एक सावधगिरी मात्र बाळगा. नावात बायोटेक आहे म्हणून मोठी फी भरून कुठंही प्रवेश घेऊ नका. महाविद्यालय पाहायला जाल तेव्हा स्वागतकक्षात बसून माहितीपुस्तिका चाळू नका, प्रक्षेत्र दाखवा म्हणा. किती एकर आहे, त्यावर काय पेरलं आहे, विद्यार्थी स्वतःच्या हातानं काय करतात, मागच्या तीन तुकड्यांतली मुलं कुठं गेली, हे विचारा. ऊतिसंवर्धनाच्या खोलीत कपाटांवर बाटल्या आहेत का, की कपाटं रिकामी आहेत, हे कुणालाही पाहता येतं. त्यासाठी पदवी लागत नाही.

नोकऱ्या फक्त दिल्ली-हैदराबादलाच असतात हाही गैरसमज. आपल्या राज्यातच पाहा. डाळिंबाचं राष्ट्रीय केंद्र सोलापूरला, द्राक्षाचं मांजरीला, कांदा-लसणाचं राजगुरुनगरला, दुष्काळ-क्षारपडीसारख्या ताणांवरचं बारामतीला, कापूस आणि लिंबूवर्गीय फळांचं नागपूरला. उसासाठी पाडेगावचं जुनं केंद्र आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. खासगी क्षेत्रात जालन्याचं नाव देशभर आहे. १९६४ मध्ये तिथं महिको ही बियाणं कंपनी सुरू करणाऱ्या बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आजही बियाणं कंपन्यांना पैदासकार, प्रयोगशाळा सांभाळणारे, बियाण्याची शुद्धता तपासणारे लोक लागतात. जळगावकडची ऊतिसंवर्धित केळीची रोपं तुम्ही पाहिलीच असतील. ती बाटलीतून शेतापर्यंत पोहोचवणं हासुद्धा याच क्षेत्रातला रोजगार आहे.

आता थोडं नाजूक बोलते. या कामाला वादाची सावली आहे. बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. बोंडअळीपासून आधी मोठा दिलासा मिळाला, पण काही वर्षांत गुलाबी बोंडअळी त्याला सरावली. विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांना त्याची झळ माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बीटी वांगं तयार होतं, पण फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्रानं त्यावर स्थगिती आणली. जनुकीय बदल केलेल्या मोहरीला २०२२ मध्ये पर्यावरणात सोडण्याची मान्यता मिळाली, तर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही. शास्त्रज्ञाची वर्षानुवर्षांची मेहनत अशी फायलीत थांबू शकते. उलटही घडतं. परकं जनुक न घालता पिकाच्याच जनुकात नेमका बदल करण्याचं तंत्र आलं, २०२२ मध्ये त्यासाठीचे नियम काही प्रमाणात सैल झाले आणि मे २०२५ मध्ये कमला आणि पुसा डीएसटी राईस १ ही जनुक-संपादित भाताची वाणं देशात जाहीर झाली.

तुमचं मूल उद्या गावी येईल तेव्हा पारावर कुणीतरी विचारेल, "काय रे, तुम्हीच ना ते बोंडअळीचं बियाणं काढणारे?" घरातही हा प्रश्न निघू द्या. त्याला उत्तर देता आलं पाहिजे. कुठं तंत्र चुकलं, कुठं कडेनं बिगर-बीटी कापसाच्या आश्रयाच्या ओळी न लावल्यानं बिघडलं, कुठं कंपनीचा फायदा आधी आला, कुठं शेतकऱ्याचा, हे त्याला वेगवेगळं करून सांगता आलं पाहिजे. आणि अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी जपलेल्या देशी वाणांबद्दल त्याच्या मनात आदर हवा. पुरात तगणारं जनुक एका जुन्या देशी भातातच सापडलं होतं.

मुलींच्या आई-बाबांशी वेगळं बोलायला हवं. तुमच्या मनातला प्रश्न तुम्ही विचारत नाही, मीच विचारते. अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत शिकत राहिली तर लग्नाचं काय? तिनं लग्न कधी करावं हे मी सांगणार नाही. तो निर्णय तुमच्या मुलीचा आहे. एवढंच सांगते की पेरलेला प्रयोग अर्ध्यावर सोडायला लावू नका, कारण गेलेला हंगाम पुढच्या वर्षाशिवाय परत येत नाही. गणपतीत ती घरी येईलच असं नाही, भात नेमका तेव्हाच फुलोऱ्यात असतो. 'चार दिवस आलीस तर काय बिघडतं' असं म्हणाल तर तिचं वर्ष बिघडतं. स्थळ आलं तर पाहुण्यांना हे आधीच सांगून टाका, म्हणजे तिला पुढं प्रत्येक वर्षी सांगत बसावं लागणार नाही.

आणि बाईला हे जमतं का, अशी शंका असेल तर जानकी अम्मल यांचं नाव ऐकून ठेवा. १८९७ साली केरळात जन्मलेल्या या बाईंनी कोईमतूरच्या ऊस केंद्रात काम केलं. पुढं इंग्लंडला गेल्या आणि १९४५ मध्ये सी. डी. डार्लिंग्टन यांच्याबरोबर लागवडीखालच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांची मोठी सूची प्रसिद्ध केली. आज माझ्या वर्गात मुली भरपूर असतात. त्यांना चिखल, ऊन, साप यांचं भय वाटत नाही. घरून येणाऱ्या फोनचं वाटतं.

मग आपलं मूल यासाठी योग्य आहे का, हे ओळखायचं कसं? मार्कांवरून नाही कळत. एखादी गोष्ट फसल्यावर ते काय करतं ते पाहा. चिडून सोडून देतं, की का फसलं म्हणून परत मांडून बसतं? कंटाळवाणं काम, जसं की दोनशे शेंगांतले दाणे मोजून लिहिणं, ते न चिडता आणि आकडा न फिरवता पूर्ण करतं का? मनासारखं उत्तर आलं नाही तर ते तसंच लिहायची हिंमत त्याच्यात आहे का? या तीन गोष्टी असतील तर साठ टक्केवाल्या मुलातूनही चांगला पैदासकार होतो. त्या नसतील तर नव्वद टक्केवालाही दुसऱ्या वर्षीच एमपीएससीची पुस्तकं घेतो. एमपीएससी वाईट नाही, पण ती करायला पीएच.डी.ची वाट लागत नाही.

खात्री करायची सोपी वाट आहे. जवळच्या कृषी विद्यापीठाच्या मेळाव्याला जा, अकोल्याकडचे असाल तर शिवार फेरीला जा. मुलाला घेऊन जा, पण तुम्ही थोडे मागं राहा. ते स्टॉलवरची चकचकीत पत्रकं गोळा करतं, की प्लॉटजवळ थांबून तिथल्या माणसाला प्रश्न विचारतं, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

शेवटी एक काम सांगते. निर्णय व्हायच्या आधी एका संध्याकाळी टीव्ही बंद करून घरातले सगळे एकत्र बसा आणि तीन गोष्टी कागदावर लिहा. घर किती वर्षं खर्च उचलू शकतं, हा आकडा खरा लिहा. कर्ज असेल तर तेही मुलाला सांगा, लपवलेल्या ओढाताणीचं ओझं त्याला बाहेर राहून जास्त जाणवतं. एम.एस्सी. झाल्यावर पुन्हा बसून ठरवायचं, हेही लिहा. त्या वेळी मन बदललं असेल तर बियाणं कंपनी, बँक, कृषी खातं, काहीही चालेल, आणि त्याला कुणी अपयश म्हणायचं नाही. तिसरी गोष्ट तुमच्यासाठी. मधल्या काळात 'अजून किती वर्षं?' हा प्रश्न घरात कुणी विचारणार नाही, पाहुण्यांनी विचारला तर उत्तर तुम्ही द्यायचं. त्याऐवजी फोनवर विचारायचं, यंदा प्लॉटमध्ये काय आहे? फुलोरा आला का? पट्टी दिसली का?

त्यातलं सगळं तुम्हाला समजलं नाही तरी चालेल, पण विचारा. आपल्या कामाविषयी घरात कुणीतरी विचारतं, एवढ्यावर मुलं एक वाया गेलेला हंगाम पचवून दुसरा पेरतात. हे मी पाहिलेलं आहे, म्हणूनच तुम्हाला सांगते.

तुमची,
एक वनस्पती पैदासकार